धूर दिसतोय, म्हणजे लाकूड वाया चाललंय

गेले २२ हिवाळे मी बिडाच्या एकाच शेगडीवर घर ऊबदार ठेवते आहे आणि पहिलं वर्ष सोडलं तर तिचं धुरांडं स्वतः साफ करते आहे. म्हणून लाकडाच्या शेगड्यांबद्दल आलेली सगळी पत्रं संपादकांनी माझ्याकडे दिली. खाली ‘शेगडी’ म्हटलंय ते काचेचं दार असलेल्या, नळीने धुरांड्याला जोडलेल्या बंद शेगडीला. भिंतीतल्या उघड्या चुलाण्याला ‘फायरप्लेस’ म्हटलंय. एक पत्र मात्र रांग मोडून आधी घेते.

प्रश्न : आमच्या छोट्या केबिनमध्ये आई शेगडीच्या खोलीतच झोपते. आठवडाभर सकाळी तिचं डोकं जड असतं, मळमळतं. अंगणात फेरी मारली की तासाभरात बरं वाटतं. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. धुराचा वास अजिबात येत नाही, त्यामुळे शेगडीवर संशय घ्यायला मन धजत नाही. पण तुम्हाला विचारावंसं वाटलं.

उत्तर : ज्या दिवशी हे पत्र हातात पडलं त्याच दिवशी या भगिनीला मी फोन केला आणि शेगडी विझवायला सांगितली. घरात डोकं दुखतं आणि बाहेर पडलं की थांबतं, ही कार्बन मोनॉक्साइडची खूण आहे. घरातल्या दोघातिघांना, किंवा पाळलेल्या कुत्र्यालाही, एकदमच मरगळ येऊ लागली तर शंकेला जागाच उरत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत थोडासा असला तरी तासागणिक रक्तात साठत जातो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा समज मनातून काढून टाका. हा वायू सगळ्यात जास्त कधी निघतो? ज्वाळा विझून नुसते निखारे उरतात तेव्हा. धूर नसतो, खोली छान उबदार असते आणि ‘आता विझलीच’ म्हणून माणूस शेगडीची हवेची झडप पूर्ण बंद करून झोपतो. तिकडे धुरांडं गार होत जातं, त्याची ओढ कमी होते आणि निखाऱ्यांवरची हवा वर जायच्या ऐवजी खोलीत उतरते. फ्रेंच लेखक एमिल झोला १९०२ साली पॅरिसमध्ये आपल्या घरातच, झोपायच्या खोलीत, अशाच वायूने गेले. फायरप्लेसच्या धुरांड्यातून हवा नीट वर जात नव्हती. त्याच खोलीतल्या त्यांच्या पत्नी वाचल्या.

या भगिनीच्या घरी धुरांड्याच्या तोंडाशी पक्ष्याचं जुनं घरटं निघालं. आई आता बरी आहे.

तुमच्या घरी लाकूड, कोळसा, काहीही जळत असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. एक शेगडीच्या खोलीत, एक झोपायच्या खोलीत. महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा आणि त्यावर छापलेली मुदत संपली की नवा आणा. अलार्म वाजला तर खिडक्या उघडत बसू नका, आधी सगळ्यांना बाहेर काढा. डॉक्टरांकडे गेलात की पहिल्याच वाक्यात सांगा, ‘घरात लाकडाची शेगडी जळते.’ हे कळलं नाही तर तो त्रास साध्या थकव्यासारखा किंवा तापासारखाच दिसतो.

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी लोखंडी शेगडी बसवली. झोपताना ती ठासून भरतो आणि हवेची झडप जवळजवळ बंद करतो, म्हणजे सकाळपर्यंत धुगधुगी राहते. पण काच काळीकुट्ट होते, खोलीला डांबरासारखा वास येतो आणि हल्ली नळीच्या सांध्यातून तपकिरी पाणी ओघळतंय. शेगडी सदोष निघाली का?

उत्तर : शेगडी चांगली आहे. तिला श्वास घेऊ दिला जात नाही, एवढंच. आज पेटवू नका. आधी नळी आणि धुरांडं साफ करून घ्या, मग पुढचं वाचा.

एखाद्या संध्याकाळी शेगडीसमोर बसून एकाच लाकडाकडे पाहत राहा. आधी कडेच्या टोकांतून वाफ निघते, ते त्यातलं पाणी. मग लाकूड तापून २०० अंशांच्या पुढे गेलं की काळं पडू लागतं आणि त्यातून वायू सुटतात. ज्वाळा दिसते ती या वायूंची. नीट पाहिलंत तर ज्वाळा लाकडाला चिकटलेली नसते, मध्ये बोटभर मोकळी फट असते. वायू निघून गेल्यावर जो कोळसा उरतो तो शेवटी शांत, लाल जळतो. लाकडातली अर्ध्याहून जास्त उष्णता या वायूंमध्ये असते, आणि ते पूर्ण जळायला साधारण ६०० अंशांची धग लागते आणि भरपूर हवा लागते.

तुम्ही झडप बंद करता तेव्हा लाकूड तापलेलं असतं, वायू सुटतच असतात, पण त्यांना जळायला हवा मिळत नाही. ते तसेच कच्चे वर जातात. गार धुरांड्याच्या भिंतीला लागले की वाफेसकट थिजतात, गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब धरतात तसे. त्यालाच क्रिओसोट म्हणतात. तुमच्या सांध्यातून ओघळतंय ते हेच. पातळ असताना ते पुसता येतं. पुढे त्याचे काळे पापुद्रे होतात. तेही तसेच राहिले तर भाजून काचेसारखा चकचकीत थर बसतो आणि तो ब्रशला दाद देत नाही.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी हेच करत होते, रोज रात्री. वसंतात धुरांडं साफ करायला एक म्हातारे गृहस्थ आले. दोन बादल्या पापुद्रे काढले. त्यातला एक हाताच्या पंजाएवढा तुकडा त्यांनी अंगणातल्या दगडावर ठेवला आणि काडी लावली. तो क्षणभर फुगला, बुडबुडे आले आणि मग पिवळ्या ज्वाळेने जळू लागला. दोन बादल्या भरून असं जळण मी छपराच्या वाशांना लागून साठवलं होतं. ते काही बोलले नाहीत. तो तुकडा जळून संपेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो.

धुरांड्यातल्या या थराने पेट घेतला तर आतलं तापमान हजार अंशांवर जातं. आगगाडी जावी तसा घरघराट होतो. त्या वेळी दार आणि हवेच्या सगळ्या झडपा बंद करा, घर रिकामं करा, अग्निशमन दलाला बोलवा. वरून पाणी ओतू नका. तापलेलं धुरांडं त्याने तडकतं आणि वाफ अंगावर येते. आग विझली तरी आतून तपासून घेतल्याशिवाय ते धुरांडं पुन्हा वापरायचं नाही.

मग रात्रीचं काय? माझं मत ठाम आहे : लाकूड धुमसवत ठेवून रात्र काढायची नाही. संध्याकाळी दोन-तीन तास ढणढणा जाळा, काच स्वच्छ राहील इतका. झोपायच्या तासभर आधी शेवटचं लाकूड टाका, तेही नीट पेटू द्या. ज्वाळा ओसरून निखारे झाले की झडप थोडी कमी करा, पूर्ण बंद कधीच नाही. सकाळी राखेखाली वाटीभर निखारे हमखास सापडतात. ते दाराकडे ओढून वर बोटाएवढ्या ढलप्या ठेवल्या की फुंकरही लागत नाही.

रात्रभर ऊब हवी असेल तर ती विटा-दगडात साठवायची असते. स्वीडनमध्ये १७६७ साली लाकडाची टंचाई होती. तेव्हा कार्ल योहान क्रोन्स्टेड आणि फाबियान व्रेडे यांनी फरशांच्या उंच शेगडीची नवी रचना केली. गरम वायू सरळ वर न जाता जाड विटांतल्या मार्गांतून वर-खाली फिरतात आणि जाता जाता बहुतेक उष्णता तिथेच सोडतात. थोडा वेळ जोरात जाळायचं आणि मग दिवसभर भिंतीएवढी शेगडी पाठीला ऊब देत राहते. तुमच्या लोखंडी शेगडीमागे विटांची भिंत उभारलीत तरी थोडा फरक पडेल. जमिनीला तो भार पेलेल का, हे आधी जाणत्याला विचारा.

प्रश्न : ‘वाळलेलं’ म्हणून घेतलेलं सरपण शेगडीत सूं-सूं करतं, टोकाला फेस येतो. निम्मं सुकं लाकूड मिसळून जाळलं तर चालेल ना? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.

उत्तर : म्हण माणसांसाठी खरी असेल, शेगडीत उलटं होतं. ओल्यापायी सुकंही नीट जळत नाही.

मी एकदा ताज्या ओंडक्याचा फोडलेला तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. २ किलो ४०० ग्रॅम. खडूने वजन त्याच्यावरच लिहिलं आणि तो ढिगाच्या मधोमध ठेवला. दर महिन्याला काढून वजन करायचं आणि खाली नवा आकडा लिहायचा. दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस वजन १ किलो ६५० वर थांबलं. पाऊण लिटर पाणी, एका तुकड्यात! तेव्हापासून सरपण घेताना मला लाकूड दिसत नाही, बाटल्या दिसतात.

त्या पाण्याची वाफ करायला जी उष्णता जाते ती तशी फार नसते, लाकडातल्या एकूण उष्णतेच्या दहाव्या भागापेक्षा कमीच. खरं नुकसान वेगळं आहे. पाणी उकळत असेपर्यंत लाकूड १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं, सगळी आग थंड पडते, वायूंना ६०० अंश मिळत नाहीत आणि ते कच्चे निघून जातात. म्हणजे वरच्या पत्रातलं क्रिओसोट. झडप सताड उघडी ठेवूनसुद्धा.

लाकडात पाणी २० टक्क्यांच्या खाली असलं पाहिजे. ओलावामापक मिळतो, पण त्याच्या सुया बाहेरच्या सालीवर टोचू नका. तुकडा नव्याने फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर टोचा. मापक नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा : सुकं खणखणतं, ओलं भदभद वाजतं. टोकाला भेगा हव्यात, साल सहज सुटायला हवी.

आणि ओंडके तसेच ठेवले तर दोन वर्षांनीही आत ओले मिळतील, कारण साल पाणी धरून ठेवते. आधी फोडायचं, मग वाळवायचं. जमिनीपासून वीतभर वर, एकेरी रांगेत, वारा आरपार जाईल असं रचा. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. सगळा ढीग ताडपत्रीत गुंडाळणारे लोक दिसतात तेव्हा मला राहवत नाही. तो घाम आत कोंडला जातो आणि बुरशी धरते. हलकं लाकूड एका उन्हाळ्यात तयार होतं, ओकसारख्या जड लाकडाला दोन वर्षं द्या. थंडी पडल्यावर सरपण शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

‘कुठल्या झाडाचं चांगलं?’ असं आणखी तिघांनी विचारलंय. किलोला किलो मोजलं तर सगळ्या सुक्या लाकडांत उष्णता जवळपास सारखीच असते. जड लाकूड कमी जागेत जास्त मावतं आणि निखारे जास्त वेळ टिकतात, हलकं लवकर पेटतं. मी पेटवायला हलकं आणि नंतर जड घालते. रंगवलेलं, प्लायवूड, औषध मुरवलेलं लाकूड मात्र कधीही नाही. जुन्या खांबांना आणि कुंपणांना मुरवलेल्या औषधांत आर्सेनिक असतं, ते धुरात आणि राखेत उतरतं.

प्रश्न : फायरप्लेससमोर बसलं की चेहरा भाजतो, पाठ गारठते आणि शेजारच्या खोल्या तर आधीपेक्षा थंड वाटतात. हा भास आहे का?

उत्तर : भास नाही. उघडी आग जळायला लागते त्याच्या कितीतरी पट जास्त हवा वर ओढते. ती हवा तुमच्या खोलीतली, तापवलेली. तिच्या जागी दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा येते, ती लांबच्या खोल्यांतूनच. लाकडातली जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता खोलीत उरते. चांगल्या बंद शेगडीत ७० ते ८० टक्के.

हे दुखणं जुनं आहे. बेंजामिन थॉम्पसन, म्हणजे काउंट रमफर्ड, यांनी १७९० च्या दशकात लंडनमधल्या कित्येक फायरप्लेस बदलून दिल्या. मागची भिंत पुढे आणून चुलाणं उथळ केलं, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या म्हणजे धग खोलीत फेकली जाते, आणि धुराचा घसा अरुंद केला. आजही जुन्या चुलाण्यात विटांनी हा बदल करता येतो. पण घर खरोखर तापवायचं असेल तर त्या पोकळीत बसणारी बंद शेगडी घ्या आणि धुरांड्यात तिच्या मापाची नळी वरपर्यंत न्या. वापरात नसताना फायरप्लेसची झडप बंद ठेवा. राख पूर्ण गार झाल्यावरच. कारण पहिल्या उत्तरात आहे.

प्रश्न : पेटवताना पहिली दहा मिनिटं सगळा धूर घरात येतो.

उत्तर : धुरांड्यात गार, जड हवेचा बोळा बसलेला असतो. वर्तमानपत्राचा एक कागद चुरगळून, पेटवून नळीच्या तोंडाशी धरा. तो भसकन वर ओढला गेला की वाट मोकळी झाली. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असेल तर बंद करा, तो धुरांड्याशी ओढाताण करतो.

शिवाय रचना उलटी करून बघा. जाड लाकडं खाली, त्यावर मध्यम, त्यावर ढलप्यांची जाळी, आणि पेटवायचं सगळ्यात वरून. पहिल्यांदा माझाही विश्वास बसला नव्हता. आग मेणबत्तीसारखी हळूहळू खाली उतरते आणि खालच्या लाकडातून सुटलेला वायू वरच्या ज्वाळेतूनच जातो, म्हणून धूर जवळपास होत नाही. रोजच धूर येत असेल तर धुरांड्याची उंची मोजा. छपरातून बाहेर पडतं तिथून किमान ३ फूट वर हवं, आणि १० फुटांच्या आतल्या छपराच्या कुठल्याही भागापेक्षा २ फूट उंच.

प्रश्न : शेजारी आमच्या धुराची तक्रार करतात. लाकूड तर नैसर्गिक आहे, मग?

उत्तर : त्यांची तक्रार खरी आहे. धुरातले अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात खोल जातात. दमेकऱ्याला आणि लहान मुलाला तो नैसर्गिक आहे याचा काही उपयोग नाही. इंग्लंडमध्ये २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी मापात ओलं सरपण विकायला बंदी आहे, ती याच कारणाने. नीट पेटल्यावर तुमच्या धुरांड्यावर फक्त थरथरणारी गरम हवा दिसली पाहिजे. आज संध्याकाळी पेटवल्यावर २० मिनिटांनी बाहेर जाऊन, शेजाऱ्यांच्या अंगणातून बघा. तरीही धूर दिसला तर लाकूड ओलं आहे किंवा झडप कमी आहे. आणि वारा पडलेल्या, धुक्याच्या दिवशी, घर तापवायची दुसरी सोय असेल तर ती वापरा. चांगल्यात चांगली शेगडीही थोडे कण सोडतेच.

प्रश्न : राख रोज काढावी का? आणि तिचं करायचं काय?

उत्तर : रोज नको. इंचभर राखेचा थर राहू द्या, त्यावर निखारे जास्त टिकतात. काढाल तेव्हा धातूच्या बादलीत, घट्ट झाकणाच्या. माझ्या ओसरीच्या फळ्यांवर ताटाएवढं काळं वर्तुळ आहे. राख काढून दोन दिवस झाले होते, वरून हात लावला तर गार. बादलीच्या तळाशी एक निखारा जिवंत होता. पहाटे वासाने जाग आली म्हणून निभावलं. आता बादली घरापासून लांब, दगडावर ठेवते आणि चार दिवस हात लावत नाही.

गार राख बागेत चिमटी-चिमटीने टाका. ती अल्कधर्मी असते, जास्त पडली तर माती बिघडते. मूठभर मात्र शेगडीपाशी डबीत ठेवा. काच धुरकटली की जुन्या वर्तमानपत्राचा बोळा ओला करून पिळा, बारीक राखेत टेकवा आणि गोल गोल घासा. तपकिरी थर अर्ध्या मिनिटात निघतो. मग कोरड्या कागदाने पुसा. काच पूर्ण गार असू द्या, आणि राखेत खडा राहिला नाही ना, ते बोटांनी चाचपून बघा, नाहीतर ओरखडे पडतील.